शाळेच्या अंगणातील विश्वामित्री



बडोद्याच्या काळा घोडा पुलावरून सकाळी शाळेकडे जाणाऱ्या मुलांना एक खेळ फार आवडतो. खाली विश्वामित्रीच्या काठावर, चिखलाशी रंग मिळून गेलेली एखादी मगर ऊन खात पडलेली असते. ती हलावी म्हणून मुले वरून खडे टाकतात. मगर बहुधा हलत नाही. मग खडे मोठे होत जातात. हा खेळ मी पुष्कळ वर्षे पाहत आलो, मुलांना हटकत आलो, आणि हटकण्याचा काडीइतका उपयोग होत नाही हेही पाहत आलो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला महापूर आला. घराघरांत पाणी शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही गल्ल्यांतून व अंगणांतून आल्या. तीन दिवसांत सुमारे दोन डझन मगरी वनखात्याच्या माणसांनी आणि स्वयंसेवकांनी वस्तीतून पकडून नेल्या. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा पुलावरचे खडे काही काळ थांबले होते. पण दुसरीतील एक मुलगा शाळेच्या मोरीकडे एकटा जाईना. मोरीच्या तोंडातून मगर येईल, असे त्याने मनाशी धरले होते. त्याला समजावून पाहिले, रागावून पाहिले. शेवटी एक मोठा मुलगा रोज त्याच्याबरोबर जाऊ लागला. खडे मारणारा मुलगा आणि हा भ्यालेला मुलगा एकाच बाकावर बसणारे होते, हे मला मागाहून कळले. एकाने मगरीला खेळणे मानले होते, दुसऱ्याने राक्षस. नदीकाठी जन्म काढायचा असलेल्या मुलाला या दोहोंपैकी काहीही परवडणारे नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जी मगरगणना झाली तिच्यात विश्वामित्रीत चारशेहून अधिक मगरी असल्याचा अंदाज निघाला. इतक्या मोठ्या शहराच्या मधोमध इतक्या मगरी असलेली नदी जगात क्वचितच सापडेल. पावागडाच्या डोंगरात उगम पावून, बडोद्याच्या वस्तीतून वेटोळी घेत जाऊन, पुढे ढाढर नदीस मिळून खंभातच्या आखाताकडे जाणारी ही नदी आमच्या मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे. पाठ्यपुस्तकात मात्र गंगा आहे, नर्मदा आहे, विश्वामित्री नाही. तेव्हा तिच्याविषयी बोलायचे कोठे? मला एकच जागा दिसली, ती सकाळच्या प्रार्थनासभेची.

महाराष्ट्रात ज्याला परिपाठ म्हणतात तीच ही सभा. इंग्लंडात १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेचा दिवस सामुदायिक प्रार्थनेने सुरू व्हावा असे ठरवून दिले. आपल्याकडे कायद्याने नव्हे, तर वहिवाटीने ही प्रथा चालत आली. प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, सुविचार, आणि अधूनमधून मुख्याध्यापकांच्या सूचना असा तिचा साचा सर्वांना ठाऊक आहे. पंधरा-वीस मिनिटे चारशे मुले एका ठिकाणी उभी असतात आणि त्यांतील तीनशे नव्वद मुले काहीही करीत नसतात. शाळेच्या दिवसातला इतका मोठा वेळ इतक्या शांतपणे वाया जाताना दुसरीकडे दिसत नाही.

माझी पहिली सभा मी साफ बिघडवली, हे आरंभीच सांगितले पाहिजे. विषय होता जलचक्र. मी उत्तम टिपणे काढली होती. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य, भूजल असे क्रमाने सांगत पंचवीस मिनिटे बोललो. ऑक्टोबरचे ऊन होते. पहिलीची दोन मुले खालीच बसली, तिसऱ्याला घेरी आली. मधल्या सुट्टीत एका विद्यार्थ्याला विचारले, ‘काय लक्षात राहिले?’ तो म्हणाला, ‘सर, मध्येच माईक किंचाळला ते.’ आमच्या पदुआच्या संत अंतोनींनी माशांना प्रवचन केले आणि मासे पाण्याबाहेर माना काढून रांगेने ऐकत राहिले, अशी एक जुनी कथा आहे. मुले मासे नव्हेत, इतकाच बोध मी त्या दिवशी घेतला.

तेव्हापासून एक नियम केला. सभेत मी सांगायचे कमी आणि मुलांनी करायचे जास्त. प्रत्येक गोष्टीत आधी अंदाज करायला लावायचा, हात वर करवून तो मोजायचा आणि मगच ती गोष्ट करून पाहायची. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबायचे. हे थांबणे फार कठीण. मास्तरांना शांतता सोसत नाही. प्रश्न टाकून दुसऱ्या श्वासाला आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. मी मनातल्या मनात दहा अंक मोजू लागलो. आठाच्या सुमारास हात वर येऊ लागतात, आणि ते नेहमीचे हात नसतात.

पहिला प्रयोग अगदी साधा केला. मगर किती लांब? मुलांचे हात दोन फुटांपासून पन्नास फुटांपर्यंत गेले. मग तिसरीतील तीन मुलांना चटईवर डोक्याला पाय लावून एका रांगेत निजवले. ही झाली बारा फुटांची मगर. मोठा नर याहूनही लांब असतो, तेव्हा आणखी एक मूल जोडले. मागच्या रांगेतील मुले टाचा उंचावून पाहू लागली. सयाजीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तो १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आला होता आणि सत्तर फुटांहून लांब आहे. त्याला किती मुले लागतील, हा हिशेब चौथीच्या वर्गाने पुढच्या तासाला स्वतःहून केला. अठरा.

जानेवारीत ऊन-सावलीचा प्रयोग केला. निम्मी सभा इमारतीच्या सावलीत, निम्मी उन्हात. पाच मिनिटांनी सावलीतील मुलांना बोटे उघडमीट करायला सांगितली. बोटे आखडली होती. मगरीच्या शरीरात ऊब निर्माण करणारी शेगडी आपल्यासारखी पेटती नसते. ती ऊब सूर्याकडून उसनी घेते, म्हणून थंडीच्या सकाळी तासन्‌तास काठावर पडून असते. आणि ज्याला शेगडी पेटती ठेवायची नाही त्याला सरपणही कमी लागते. तेवढ्याच वजनाच्या वाघा-सिंहाला जितके अन्न लागेल त्याच्या सुमारे दशांशावर मगर निभावते. पुलावरून खडे मारणारा एक मुलगा इथे पुटपुटला, ‘म्हणजे ती आळशी नाही, तापतेय.’ मी त्याच्याकडे मुद्दाम पाहिले नाही.

पण ज्या सभेविषयी मला आज विशेष सांगायचे आहे ती संगीत खुर्चीची.

त्या दिवशी आरंभी मी विचारले, ‘विश्वामित्रीत मगरी आहेत, म्हणजे तिचे पाणी चांगले असले पाहिजे, असे किती जणांना वाटते?’ जवळजवळ सर्व हात वर आले. काही शिक्षकांचेही आले. हा समज मुलांपुरताच आहे असे नव्हे. मगरी आनंदाने राहतात, मग नदीला काय झाले आहे, असे सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातात.

व्यासपीठावर नऊ खुर्च्या मांडल्या. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियस असताना एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. एक खुर्ची म्हणजे एक मिलिग्रॅम. नऊ मुले मासे झाली: कोणी रोहू, कोणी कटला, कोणी मृगळ. घंटा वाजली, सर्वांना जागा मिळाली. मग मी म्हणालो, ‘आता मे महिना आला. पाणी तापले, ३० अंश झाले.’ तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो; नवाचे साडेसात होतात. एक खुर्ची काढून घेतली आणि दुसरीच्या अर्ध्या भागावर दप्तर ठेवले. एक मासा बाहेर गेला, एक कसाबसा कडेवर टेकला. सभा हसली. आतापर्यंत नदीत कोणी काही टाकलेले नव्हते, हेही मी त्यांना सांगून ठेवले.

यानंतर सातवीचे पाच मुलगे आले. त्यांच्या गळ्यात ‘जंतू’ असे लिहिलेल्या पाट्या होत्या. सांडपाण्याची एक रिकामी बादली व्यासपीठावर ठेवली. सांडपाण्यातील मळ हा जंतूंचा आहार. तो खाऊन पचवताना ते पाण्यातील प्राणवायू वापरतात. म्हणून प्रत्येक बादलीमागे जंतूंनी खुर्च्यांवर बसायचे. पहिली बादली, दुसरी बादली, तिसरी बादली. सातवीचे मुलगे धिप्पाड; ते बसले की बसले. मासे एकेक करून खाली उतरू लागले. अडीच खुर्च्या उरल्या तेव्हा सभेतले हसू थांबले होते, आणि मी काहीही बोललो नव्हतो.

एक मासा मात्र तग धरून राहिला. तो मागूर. मागराला कल्ल्यांच्या जोडीला आणखी एक श्वसनेंद्रिय असते. तो वर येऊन हवेचा घोट घेऊ शकतो. म्हणून त्या मुलाला खिडकीला हात लावून परत येण्याची मुभा होती. तो धापा टाकत खिडकी ते व्यासपीठ अशा खेपा घालत होता. आणि व्यासपीठाच्या कडेला, नाक वर करून, आरंभापासून एक मुलगी पालथी पडली होती. ती मगर. तिला कोणीच हलवले नाही.

‘सर, मगर बाहेर गेलीच नाही!’ कोणीतरी ओरडले. मी दहा अंक मोजले. सहावीतील एक मुलगी, जी वर्गात कधी बोलत नाही असे तिच्या वर्गशिक्षिका सांगतात, म्हणाली, ‘तिला खुर्ची लागतच नाही. ती वरची हवा घेते.’ पुन्हा हात मोजले. मगरी आहेत म्हणून पाणी चांगले, याला आता पाच-सहाच हात उरले होते. मग त्याच मुलीने विचारले, ‘पण सगळे मासे गेले तर मगर खाणार काय?’ हा प्रश्न माझ्या टिपणात नव्हता. मगर मासे खाते, तशीच कासवे व पक्षीही खाते, आणि काठाला आलेली कुत्री व डुकरेही धरते. कुत्री व डुकरे काठाला का येतात? उकिरडा असतो म्हणून. उकिरडा कोण टाकतो? इथे घंटा झाली, आणि मला वाटते ती योग्य वेळी झाली.

हा खेळ शास्त्राच्या काटेकोर तराजूत पुरता उतरत नाही, हे मान्य आहे. सर्व माशांची गरज सारखी नसते. शिवाय वाहत्या पाण्याच्या खळखळाटाने आणि दिवसा पाणवनस्पतींच्या योगाने नव्या खुर्च्या सतत येतही असतात. पुढच्या आठवड्यात आम्ही तोही भाग केला: पहिलीची मुले दगड होऊन मध्ये बसली, पाणी झालेली मुले त्यांच्यावरून उड्या मारीत गेली, आणि प्रत्येक उडीला एक खुर्ची परत आली. परंतु मुलांच्या मनात राहिली ती खिडकीकडे धावणारी मागूर.

अंड्यांची सभाही रंगली. मगरीच्या पिलाचे लिंग बापावर ठरत नाही की आईवर ठरत नाही. ते घरट्यातील उष्णतेवर ठरते. सर्व मुले अंडी होऊन उकिडवी बसली आणि मी तापमान वाचू लागलो. ‘३० अंश!’ सगळ्या माद्या. मुलींनी टाळ्या पिटल्या. ‘साडेबत्तीस!’ सगळे नर. मुलग्यांनी छत डोक्यावर घेतले. ‘३३!’ पुन्हा दोन्ही. अडीच अंशांत एवढा फरक पडतो, हे ऐकून मोठ्या मुलांनी लगेच विचारले की उन्हाळे वाढत गेले तर काय होईल. मग सभा शांत करून एका मुलीचे डोळे बांधले आणि पाच मुलांना सभेत विखरून बसवले. पिले अंड्यातूनच बारीक आवाज काढतात. तो ऐकून आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्याकडे नेते. ती मुलगी चारशे मुलांमधून केवळ आवाजाच्या मागाने चालत गेली. पाचवे पिल्लू होता तो दुसरीतील मोरीला भिणारा मुलगा. त्याला मी निवडले नव्हते. तो स्वतः पुढे आला होता. ज्या जबड्याला तो भीत होता त्याच जबड्यात पिल्लू होऊन गेला आणि हसत होता. तो मोरीकडे एकटा जाऊ लागला काय, असे श्रोते विचारतील. लगेच नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर.

याचा अर्थ मगरीला गोंडस करून दाखवावी असा नव्हे. मगर माणसाला मारू शकते, आणि नदीकाठच्या गावांत धुण्याला, आंघोळीला किंवा गुरांना पाणी पाजायला उतरलेल्या माणसांवर हल्ले झालेले आहेत. म्हणून प्रत्येक सभेच्या शेवटी अंगणात खडूने एक काठ आखतो, त्यापासून वीस पावलांवर दुसरी रेषा ओढतो, आणि मुले ती वीस पावले मोठ्याने मोजतात. चेंडू पाण्यात गेला तर? ‘गेला!’ असे चारशे मुले एका आवाजात म्हणतात. उन्हाळ्यात, अंडी असताना, आई काठाशी अधिक चिडते; तेव्हा रेषा आणखी मागे. घरात किंवा गल्लीत मगर दिसली तर दार लावायचे, मोठ्यांना सांगायचे, वनखात्याला कळवायचे. दोरी घेऊन पराक्रम करायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मगर आहे, तेव्हा तिला मारणे हा गुन्हाही आहे. पण कायद्याहून मुलांना वीस पावले अधिक पटतात.

मुलांकडून मला जे मिळाले त्यातील एक गोष्ट अशी. एका मुलाने विचारले, ‘सर, खोडियार माता मगरीवर बसते, मग ती मगरीला घाबरत नाही का?’ गुजराथेत खोडियार मातेचे वाहन मगर आहे, आणि चरोतर भागातील काही गावांत तळ्यातल्या मगरींच्या शेजारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. गोव्यात पौष अमावास्येला काही गावांत बांधाच्या चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. कुंभारजुवे कालव्यात खऱ्या मगरी आहेतच. सांगलीकडे कृष्णाकाठच्या मंडळींनाही हे शेजारपण नवीन नाही. माझ्या धर्मात मगरीला असे स्थान नाही, पण पाण्याला आहे. स्नानसंस्काराचे पाणी मीही मुलांच्या डोक्यावर ओतले जाताना पाहतो. त्या मुलाला मी म्हणालो, ‘हा प्रश्न घरी आजीला विचार.’ दुसऱ्या दिवशी तो आजीकडून तीन गोष्टी घेऊन आला आणि त्या त्यानेच सभेत सांगितल्या.

बादलीचा प्रयोग कोणत्याही शाळेला करता येईल. वीस लिटरची बादली भरून घ्यावी. हे पृथ्वीवरचे सर्व पाणी. त्यातून अर्ध्या लिटरची एक बाटली भरावी. गोडे पाणी तेवढेच. त्यातील सुमारे साडेतीनशे मिलिलिटर बर्फ, उरलेले जवळजवळ सर्व जमिनीखाली. जगातील सर्व तळी आणि पाणथळ जागा दीड मिलिलिटरात मावतात. आणि सर्व नद्या? सुईच्या टोकावर अर्धा थेंब घेऊन तो रांगेतून फिरवावा. शेवटच्या मुलापर्यंत तो कधीच पोचत नाही, वाटेतच सुकतो.

काही पालकांनी विचारले की याचे गुण किती. काही सहकाऱ्यांना गोंगाट खटकतो, आणि त्यात तथ्य आहे. जंतू झालेले मुलगे पहिल्या तासापर्यंत जंतूच राहतात. आठवड्यातून एकाहून अधिक सभा अशी करू नये, असे माझे मत झाले आहे. उरलेल्या दिवशी प्रार्थना आणि सुविचार बरे.

२०२५ साली, पुरानंतर, विश्वामित्रीचे पात्र रुंद व खोल करण्याचे मोठे काम झाले. मुलांनी येता-जाता ती यंत्रे पाहिली. पाचवीतल्या एकाने विचारले, ‘मगरीची बिळे होती त्या काठाचे काय झाले?’ मगर मातीच्या काठात खोल बीळ करते, हे त्याला ठाऊक होते. पुढच्या सोमवारी आम्ही दोन पेट्या मांडल्या. एकीत ओल्या मातीचा उतरता काठ केला, दुसरीत विटा रचून उभी भिंत केली. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्यालाच एक चमचा दिला आणि दोन्हीकडे बीळ करायला सांगितले. मातीत त्याचा हात कोपरापर्यंत गेला. विटांशी चमचा वाकला. तो वाकलेला चमचा त्याने उंच धरून मागच्या रांगांना दाखवला, आणि घंटा झाली. पहिला तास गणिताचा होता.